घमेल्यातली झुंबड

सराफ बाजारातली धूळ झाडून नेणारे झारेकरी तुम्ही पाहिले असतील. ती धूळ ते पाण्यात खळबळवतात. माती वाहून जाते, तळाशी सोन्याची कणी उरते. कॅलिफोर्नियातला गोल्ड रश, म्हणजे सोन्यासाठी उडालेली झुंबड, सुरू झाला तो याच युक्तीवर.

२४ जानेवारी १८४८. कोलोमा इथल्या लाकूड कापायच्या गिरणीच्या पाटात जेम्स मार्शलला पिवळे खडे चमकताना दिसले. एक खडा त्याने दगडावर ठेवून ठोकला. फुटला नाही, चपटा झाला. गिरणीवर स्वयंपाक करणाऱ्या जेनी विमरने तो साबणासाठी उकळत ठेवलेल्या क्षाराच्या पाण्यात टाकला. तरी खडा जसाच्या तसा! सोनंच होतं ते.

सोन्याची घनता पाण्याच्या १९.३ पट, वाळूची साधारण २.६५ पट. पाण्यात उचल मिळत असल्याने तिथे सोन्याचा कण तेवढ्याच आकाराच्या वाळूच्या कणापेक्षा अकरा पट जड ठरतो. डोंगरातल्या सोनं असलेल्या गारगोटीच्या शिरा झिजल्या, नदीने सगळं वाहून आणलं आणि जिथे तिचा वेग मंदावतो, म्हणजे वळणाच्या आतल्या अंगाला किंवा मोठ्या धोंड्यामागे, तिथे सोनं आधी टाकलं. नव्वद टक्के काम नदीनेच लाखो वर्षांत उरकलं होतं म्हणा ना. उरलेल्याला एक घमेलं पुरे. म्हणून तर खलाशी जहाजं बंदरात सोडून पळाले आणि काही वर्षांत सुमारे तीन लाख माणसं तिथे लोटली. मूळ रहिवाशांचे मात्र हत्या, रोगराई आणि उपासमारीने हाल झाले.

वरवरचं सोनं लवकरच सरलं. १८५३ पासून पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी डोंगरच्या डोंगर कापायला सुरुवात झाली. त्याला भांडवल लागतं. घमेलंवाला तिथे मजूर झाला.

हल्ली कुठल्याही तेजीला गोल्ड रश म्हणतात. मला ते पटत नाही. ज्यात पहिल्या दिवसापासून अब्जावधी लागतात, ती घमेल्याची झुंबड कसली? बिटकॉइन या डिजिटल चलनाला मात्र शब्द चपखल बसतो. २००९ मध्ये घरच्या साध्या संगणकावर ते ‘खणता’ येत होतं. आज त्यासाठी खास यंत्रांनी भरलेली गोदामं लागतात.

कॅलिफोर्नियात बारीक सोनं पकडायला पारा वापरत. तो पारा गाळाबरोबर वाहत सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत उतरला. तिथले काही मासे बेतानेच खा, असं आजही सांगितलं जातं.