बाराचे पंधरा करताना

सोयाबीनची हमीभावाने खरेदी होते तेव्हा दाण्यात १२ टक्क्यांहून जास्त ओलावा चालत नाही, हा नियम विदर्भातल्या खरेदी केंद्रांवर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. परतीचा पाऊस लांबला की वावरातली सुडी भिजते, मळणी ओलसरच होते आणि केंद्रावरच्या मशीनवर १३ किंवा १४ उमटलं की माल परत. २०२४ च्या हंगामात यावरून बरीच ओरड झाली आणि नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने त्या हंगामापुरती ही मर्यादा १५ टक्के केली. कागदावर बदल एवढाच, की बाराचे पंधरा झाले.

आता समजा, वाशीमकडच्या एखाद्या शेतकरी कंपनीने गावातल्याच इंजिनिअरिंगच्या पोराकडून खरेदीच्या पावत्या काढायचा प्रोग्रॅम लिहून घेतलाय, आणि त्यात जागोजागी नुसतं १२ लिहिलंय. सगळीकडचे बारा शोधून एका फटक्यात पंधरा करता येतात की! केले तर मात्र कापसाच्या ओलाव्याची वरची मर्यादाही पंधरा होईल, कारण तीही १२ टक्केच आहे. वर्षाला पंधरा महिने होतील. आणि सोबत जोडायच्या कागदांच्या यादीत ७/१२ ऐवजी ७/१५ छापून येईल. तो उतारा द्यायला कुठला तलाठी तयार होणार?

अशा निनावी आकड्यांना प्रोग्रॅमर ‘मॅजिक नंबर’ म्हणतात. कौतुकाने नव्हे, वैतागाने. त्यावरचा उपाय जुना आहे. आकडा एकदाच, वरच्या बाजूला, नाव देऊन लिहायचा:

सोयाबीन_कमाल_ओलावा = १२
कापूस_कमाल_ओलावा = १२

दोन्ही आकडे आज सारखे आहेत, पण ते वेगवेगळ्या कारणांनी बदलणार, म्हणून नावंही वेगळी. खाली सगळीकडे नावच वापरायचं. नियम बदलला की एक ओळ बदलायची आणि मोकळं व्हायचं.

इथपर्यंत फारसं कुणाचं दुमत नाही. भांडण जुंपतं ते प्रोग्रॅमिंगच्या भाषा घडवणाऱ्यांमध्ये. हे नाव फक्त वाचणाऱ्या माणसाच्या सोयीसाठी आहे, की त्यामागचा आकडा कुणी हलवणार नाही याची राखण भाषेनेच करायची?

राखण नसली तर काय होतं, याचा सगळ्यात भन्नाट नमुना फोर्ट्रानचा. आयबीएमची ही भाषा १९५७ ची. तिच्या सुरुवातीच्या काही कम्पायलरमध्ये, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनांमध्ये, प्रोग्रॅममधला साधा ४ सुद्धा मेमरीतल्या एका कप्प्यात ठेवलेला असायचा, आणि उपप्रोग्रॅमला आकडा न देता त्या कप्प्याचा पत्ता दिला जायचा. उपप्रोग्रॅमने आपल्याला मिळालेल्या किमतीत एक मिळवला की त्या कप्प्यातच ५ जाऊन बसायचे. त्यानंतर त्या प्रोग्रॅममध्ये जिथे जिथे ४ लिहिलंय तिथे हिशेब ५ ने व्हायचा. लिहिलंय चार, वाचताना दिसतात चार, आणि मशीन धरतंय पाच. नाव राहू द्या, इथे खुद्द आकड्याचीच खात्री नव्हती.

निकलाउस विर्थ यांनी १९७० मध्ये पास्कल आणली आणि स्थिरांकांना, म्हणजे नाव देऊन कायमच्या ठरवलेल्या किमतींना, सुरुवातीलाच वेगळी जागा दिली. तिथे नाव दिलेला आकडा पुढे बदलायला गेलं तर कम्पायलर प्रोग्रॅम पुढे सरकूच देत नाही. सी भाषेने आधी वेगळी वाट धरली. तिथलं हॅश-डिफाइन म्हणजे निव्वळ मजकुराची अदलाबदल. कम्पायलर कामाला लागण्याआधीच नाव पुसून त्या जागी दिलेला मजकूर चिकटवला जातो. वरवर निरुपद्रवी वाटतं. पण ‘कपात’ या नावासमोर कुणी २ + १ असं लिहिलं आणि खाली कपात × ७५ असा हिशेब केला, तर उत्तर २२५ येत नाही. मजकूर जसाच्या तसा चिकटल्यामुळे तिथे २ + १ × ७५ तयार होतं, गुणाकार आधी होतो आणि हाती येतात ७७. दोन कंस राहिले, एवढंच कारण. १९८९ मध्ये सीचं प्रमाणीकरण झालं तेव्हा भाषेत ‘कॉन्स्ट’ आला, पण तोही अर्धामुर्धाच. त्याचा अर्थ ‘या कप्प्यात पुन्हा लिहू नका’ एवढाच. खरा स्थिरांक मानून स्विचच्या केसमध्ये, म्हणजे किंमत अमुक असेल तर अमुक कर असं सांगण्याच्या जागी, तो वापरायला गेलात तर प्रमाणित सीमध्ये तो चालत नाही.

जावामध्ये आणखी एक गंमत आहे. एका फाइलमध्ये स्थिरांक म्हणून १२ लिहिलं आणि दुसऱ्या फाइलने तो नावाने वापरला, तर कम्पाइल होताना त्या दुसऱ्या फाइलमध्ये नाव राहतच नाही, थेट १२ कोरले जातात. पुढे पहिल्या फाइलमध्ये १५ केले आणि तेवढीच फाइल पुन्हा कम्पाइल केली, तर दुसरी बाराच धरून बसते. मंत्रालयातून नवा जीआर निघावा आणि तालुक्याच्या टेबलावर जुन्याचीच झेरॉक्स चालत राहावी, तसा हा प्रकार. चूक ना लिहिणाऱ्याची ना वाचणाऱ्याची, त्यामुळे सापडायलाही अवघड.

पायथॉनने राखणीची भानगडच ठेवली नाही. स्थिरांकाचं नाव कॅपिटल अक्षरांत लिहायचं आणि ते दिसलं की समजदाराने हात लावायचा नाही, असा नुसता संकेत. पायथॉन २ मध्ये तर ‘ट्रू = फॉल्स’, म्हणजे खरं म्हणजेच खोटं, असं लिहिलं तरी खपून जायचं. २००८ च्या पायथॉन ३ पासून ते बंद झालं. याच पायथॉन ३ मध्ये नावं देवनागरीत लिहिता येतात, म्हणजे वरची ‘सोयाबीन_कमाल_ओलावा’ची ओळ खरोखर चालू शकते. अट एकच, आकडा इंग्रजी अंकांत हवा. कोडमध्ये १२ मराठी अंकांत लिहिले तर पायथॉन अडतो, पण तेच १२ मजकूर म्हणून देऊन त्याचा आकडा करायला सांगितलं तर बिनतक्रार करून देतो.

पण आपल्या लिपीत कॅपिटल अक्षरं आहेत कुठे? मराठी नावाकडे पाहून तो स्थिरांक आहे की रोज बदलणारी किंमत, हे पायथॉनच्या संकेतातून कळायला काही मार्ग नाही. गो भाषेत तर याहून पंचाईत होते. तिथे नाव कॅपिटल अक्षराने सुरू झालं तरच ते आपल्या पॅकेजबाहेर, म्हणजे कोडच्या आपल्या गठ्ठ्याबाहेर, वापरता येतं. देवनागरीत सुरू होणारं नाव त्यामुळे घरातच कोंडलेलं राहतं. अक्षराच्या आकारावर नियम बेतताना जगातल्या कित्येक लिप्यांमध्ये लहान-मोठी अक्षरं नसतातच हे विसरलं, की त्याची किंमत भलत्याच माणसाला मोजावी लागते, असं मला वाटतं.

नावाच्या बाजूने एवढं बोलून झाल्यावर दुसरी बाजूही ऐकायला हवी, कारण ती लेचीपेची नाही. लिनक्समध्ये फाइल कुणी वाचायची आणि कुणी लिहायची हे ०६४४ अशा आकड्याने सांगतात. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १. म्हणजे ६ वाला मालक वाचतो आणि लिहितो, ४ वाले बाकीचे फक्त वाचतात. हेच नावांनी लिहायचं तर ‘एस_आयआरयूएसआर’, ‘एस_आयडब्ल्यूयूएसआर’ अशी चार जोडाक्षरी भुतं ओळीने उभी करावी लागतात. २०१६ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी साफ सांगितलं की यापेक्षा आकडाच बरा वाचता येतो, आणि आज कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, कोड तपासणारं साधनही नावं दिसली की आकडा वापरा असं सुचवतं.

मग कुठे नाव द्यायचं? सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) कापूस खरेदीत पूर्ण भाव ८ टक्के ओलाव्याला मिळतो, त्यापुढे १२ पर्यंत प्रत्येक टक्क्यामागे भावातला एक टक्का कापला जातो. २०२४-२५ साठी लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७५२१ रुपये होता, म्हणजे टक्क्यामागे ७५ रुपये २१ पैसे गेले. कोडमध्ये ते असं दिसेल:

रक्कम = किलो / १०० × ७५२१ × (१ − (ओलावा − ८) / १००)

यात १०० दोनदा आहे. पहिला किलोचे क्विंटल करतो, दुसरा टक्केवारीचा. ७५२१ आणि ८ ला नाव हवंच, ते दिल्लीतून बदलतात. दुसऱ्या १०० ला ‘शंभर’ असं नाव देणारे महाभाग मी पाहिलेत. त्याने काहीच साधत नाही, टक्के म्हटल्यावर शंभर आलेच. पहिला १०० मात्र कधीही बदलणार नसला तरी मी त्याला ‘किलो_प्रति_क्विंटल’ म्हणेन. नाही तर उद्या काट्यावरून वजन थेट क्विंटलमध्ये यायला लागलं की दोन शंभरांतला कोणता काढायचा, हे ज्याने लिहिलं त्यालाच विचारायला जावं लागेल, आणि तो तोवर पुण्याला नोकरीला गेलेला असेल.

राहता राहिली सोयाबीनची ओळ. त्या ओळीत १२ चे १५ केले, हंगाम पार पडला, आणि पुढच्या वर्षी कुणी २०२३ ची जुनी नोंद पुन्हा तपासायला आलं. १४ टक्के ओलावा म्हणून तेव्हा परत पाठवलेला माल आता प्रोग्रॅम खुशाल पात्र ठरवेल. नाव अगदी नेमकं होतं, कम्पायलरने राखणही केली असती, तरी हिशेब चुकलाच असता. सवलत एका हंगामाची होती, म्हणजे हा आकडा मुळात स्थिरांक नव्हताच. त्याची जागा कोडमध्ये नाही, हंगामवार तक्त्यात आहे. २०२३-२४ समोर हमीभाव ४६०० आणि मर्यादा १२, २०२४-२५ समोर ४८९२ आणि नोव्हेंबरमधल्या आदेशाच्या तारखेपासून १५, २०२५-२६ समोर ५३२८ आणि त्या वर्षी जो आदेश असेल तो. नोंदीवरची तारीख बघून प्रोग्रॅमने योग्य ओळ उचलायची. नवा आदेश आला की केंद्रावरचा ऑपरेटरच त्यात एक ओळ वाढवू शकतो, पुण्याला फोन लावायची गरज नाही.