किल्लारीची माळवदे आणि स्थलांतराचा निर्णय

लातूर-धाराशिवच्या सीमेवरची गावे १९९३ मध्ये देशाच्या भूकंप नकाशात पहिल्या, म्हणजे सर्वांत निर्धोक क्षेत्रात होती. आदल्या वर्षीच्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये किल्लारीला छोटे धक्के बसले, लोक घाबरले, पण घरे तशीच राहिली. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी मोठा भूकंप झाला आणि माळवदाची, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचे सपाट छत असलेली, जड घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली.

ही घरे इतकी जड का होती, याचे उत्तर हवामानात आहे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात माळवदाखाली गारवा राहतो. पण पावसात ते गळते, म्हणून दर मृगाआधी वर पांढऱ्या मातीचा नवा थर द्यायचा. जुना कोणी खरवडत नाही. पिढ्या-दोन पिढ्यांत थर दीड-दोन फुटांवर जातो. दहा बाय दहाच्या खोलीवर दोन फूट माती म्हणजे साधारण ९ टन, आणि ती पावसाळ्याच्या शेवटी ओलीही असते.

भिंतींचे दुखणे वेगळे. आतून एक दगडी थर, बाहेरून एक, मधे माती-खडीची भर. दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. पाणी मुरले की मातीचा सांधा ढिला पडतो, भिंतीला पोट येते. हादऱ्यात असे दोन्ही थर सुटे होऊन कोसळले. अनेक घरांत मात्र सागवानी खांब आणि तुळया उभ्या राहिल्या. चौकशी करणाऱ्यांनी यावर थांबून विचार करायला हवा होता. लाकडी सांगाड्याने काम केले होते. दगड-मातीवर सरसकट ठपका ठेवणे अन्यायाचे होते.

वाद पेटला तो स्थलांतरावरून. ७० टक्क्यांहून अधिक पडझड झालेली किंवा दोन मीटरपेक्षा खोल काळ्या मातीवर वसलेली गावे हलवायची, असे ठरले आणि ५२ गावे नव्या जागी गेली. काळ्या मातीचा मुद्दा खोटा नव्हता. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि धक्का न बसताही भिंती तडकवते. पण त्यावर खोल पाया हा उपाय होता. अख्खे गाव उचलण्याची सक्ती त्यातून निघत नव्हती. नवी घरे जमिनीच्या मालकीनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची मिळाली, म्हणजे भूमिहीनाला सर्वांत लहान. सरळ रेषेतल्या रुंद रस्त्यांनी गल्ली-वाड्यांचा शेजार मोडला. पातळ भिंती आणि काँक्रीटचा स्लॅब उन्हाळ्यात तापू लागले, काही स्लॅब गळू लागले. बाया-माणसे दुपारी बाहेर पत्र्याच्या किंवा कुडाच्या छपराखाली बसू लागली. सुरक्षित घर राहण्याजोगेही असावे लागते, हा विचार त्या आराखड्यांत फार मागे राहिला.

२००२ च्या नकाशात पहिले क्षेत्रच रद्द झाले आणि किल्लारी तिसऱ्यात आली.

कमी पडझडीच्या गावांत जुनी घरे मजबूत करायची योजना होती: माळवदावरची माती कमी करणे, भिंतीत भोके पाडून सळई-काँक्रीटचे आरपार सांधे भरणे, वरून पट्टा बांधणे. बहुतेकांनी त्या पैशांत शेजारी नवी पक्की खोली बांधली. जुनी भिंत आणि तिच्यावरची माती जशीच्या तशी राहिली, आणि अशा घरांत माणसे पुढेही झोपत राहिली.