स्क्रीन-नकाशा

स्क्रीन-नकाशा : कारखान्यातील टच पॅनेलवर किंवा कंट्रोल रूममधल्या मॉनिटरवर एका स्क्रीनवरून दुसऱ्या स्क्रीनवर कसे जायचे, कोणाला जाता येते, कधी जाता येत नाही आणि परत कसे यायचे, याची लेखी नोंद. पॅनेलमागे पीएलसी, म्हणजे यंत्र चालवणारा छोटा औद्योगिक संगणक, असतो. मोठ्या प्रकल्पात स्काडा किंवा डीसीएस, म्हणजे सगळ्या प्रकल्पावर देखरेख आणि नियंत्रण ठेवणाऱ्या संगणक-यंत्रणा. प्रत्येक स्क्रीनवर काय दिसते हे यंत्रासोबतच्या पुस्तिकेत चित्रांसह सापडते. स्क्रीनांमधली वाट मात्र बहुधा प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या डोक्यातच राहते, आणि तो काम संपवून घाट चढून गेलेला असतो.

कोकणपट्टीत ही उणीव जास्त बोचते, कारण इथले बरेच उद्योग हंगामी. रत्नागिरी-देवगडकडची आंबा पल्पची लाइन उन्हाळ्यातले काही आठवडे चालते. बंदरांवरच्या बर्फ कारखान्यांचे काम १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत मंदावते. कित्येक महिन्यांनी पॅनेलसमोर उभा राहिलेल्या ऑपरेटरच्या बोटांत गेल्या वर्षीची सवय उरलेली नसते. पुष्कळदा तर माणूसच नवा असतो. थळचा खत कारखाना, जयगडचे औष्णिक वीज केंद्र किंवा लोटे-परशुराम, रोहा, महाडच्या रासायनिक वसाहती इथे पाळ्या बाराही महिने चालतात. तिथे अडचण विसरण्यापेक्षा स्क्रीनांच्या संख्येची.

स्क्रीनांची उतरंड चार पातळ्यांत लावण्याची पद्धत आता रूढ आहे : सगळा प्रकल्प एका नजरेत दाखवणारी आढावा-स्क्रीन, एकेका विभागाची नियंत्रण-स्क्रीन, यंत्राच्या तपशिलाची स्क्रीन आणि शेवटी बिघाड शोधण्याची. अमेरिकेतील आयएसए या स्वयंचलन क्षेत्रातील संस्थेच्या २०१५ च्या आयएसए-१०१ मानकात ही मांडणी आहे. वरची पातळीच नसेल तर काय होते, ते वेल्समधील मिलफर्ड हेवनच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात २४ जुलै १९९४ रोजी दिसले. सकाळच्या विजांच्या वादळाने प्रकल्प विस्कळीत झाला. एक झडप प्रत्यक्षात बंद होती, पण यंत्रणा ती उघडी दाखवत होती. स्फोटाआधीच्या शेवटच्या सुमारे ११ मिनिटांत ऑपरेटरांवर २७५ अलार्म आदळले. आत किती माल येतो आणि बाहेर किती जातो याचा ताळा घालता येईल अशी आढावा-स्क्रीन नव्हती, यावर चौकशी अहवालाने बोट ठेवले.

नकाशाचे दोन भाग असतात. पहिला चित्राचा : चौकोन आणि बाण. भिंतीवर तो छान दिसतो. मात्र स्क्रीनची संख्या तिशीच्या पुढे गेली की बाणांचे जाळे होते आणि त्याच्याकडे कोणी बघत नाही. खरे काम दुसरा भाग, म्हणजे तक्ता, करतो. त्यात एका बटणाला एक ओळ : कुठून, कोणते बटण, कोणती अट, कुठे, परत कसे. पल्प लाइनच्या तक्त्यातली एक ओळ अशी असू शकते (आकडे स्क्रीनांचे क्रमांक) : ‘२१० पाश्चरायझर – धुलाई बटण – लाइन थांबलेली हवी, सुपरवायझरचा पासवर्ड – ३१० धुलाई – मागे बटणाने २१०’. यातला अटीचा रकाना बहुतेक जण गाळतात. मग लाइन चालू असताना बटण राखाडी दिसते, दाबले तर काहीच होत नाही, आणि ऑपरेटर पॅनेल बिघडले म्हणून फोन लावतो.

‘मागे’ या बटणाची गोष्ट वेगळीच. काही पॅनेलांवर ते आधी पाहिलेल्या स्क्रीनवर नेते, तर काहींवर उतरंडीतल्या वरच्या पायरीवर. अलार्मच्या यादीतून थेट तापमानाच्या आलेखावर उडी मारलेल्या माणसासाठी या दोन जागा भिन्न असतात. तक्त्यात नुसते ‘मागे’ न लिहिता पोहोचण्याच्या स्क्रीनचा क्रमांक लिहावा, तो याचसाठी. काही स्क्रीन म्हणजे बंद गल्ल्याच : आत जाता येते, पण बाहेर पडायचे बटण टाकायचेच राहून गेलेले असते. तक्ता भरताना शेवटचा रकाना कोरा राहिला की अशी स्क्रीन लगेच सापडते.

नावांचाही घोळ असतो. स्क्रीनवर ‘स्टोन डिस्चार्ज’ लिहिलेले, आणि लाइनवर सगळे त्याला ‘बाठे’ म्हणतात. रात्रपाळीत ‘बाठ्यांची मोटर ट्रिप झाली’ अशी हाक आली, तर नव्या माणसाने कोणती स्क्रीन उघडायची? तक्त्यात बोलीतले नाव शेजारी हवेच. असा रकाना प्रोग्रामर स्वतःहून कधी देत नाही.

नकाशा प्रोग्रामच्या फाइलवरून काढला तर तो प्रोग्रामचा होतो, पॅनेलचा नव्हे. म्हणून पॅनेलसमोर दोघांनी उभे राहावे : एकाने बटण दाबावे, दुसऱ्याने ओळीवर खूण करावी. लाइन बंद आणि चालू, ऑपरेटरचा पासवर्ड आणि सुपरवायझरचा, अशा प्रत्येक स्थितीत ही फेरी पुन्हा करावी लागते. मोठा अलार्म आला की त्याच्या उपायाच्या स्क्रीनपर्यंत किती दाब लागतात, तेही याच फेरीत मोजता येते. तीनपेक्षा जास्त लागत असतील तर प्रस्तुत लेखकाच्या मते नकाशाआधी पॅनेलच सुधारावे.

कागद पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला, लॅमिनेट करून. खाऱ्या दमट हवेत साध्या कागदाचा एका पावसाळ्यात लगदा होतो. कोपऱ्यात प्रोग्रामची आवृत्ती आणि तारीख असावी. ती पॅनेलच्या सुरुवातीच्या स्क्रीनवरच्या आवृत्तीशी जुळत नसेल तर कागद जुना. हंगाम संपताना प्रोग्रामचा बॅकअप घेतात, त्याच दिवशी पेनाने केलेल्या दुरुस्त्या तक्त्यात चढवतात आणि मग मेन स्विच खाली करतात.