रस्त्याला गुण द्यायचे ते कशाकशाचे?

मुंबईत रस्त्याची परीक्षा होते ती खड्ड्यांवरून. ओल्या रस्त्यावर टायरची पकड किती आणि चाकांचा आवाज किती, हे फारसं विचारलं जात नाही. या मोजण्या वेगवेगळ्या काळात जन्मल्या आणि आपल्याकडे त्यातली एकच रुजली.

मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली रस्ते समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींतून १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस (आयआरसी) ही रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था उभी राहिली. पुढे १९५८ ते १९६० दरम्यान अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये मोठी चाचणी झाली. माणसांना गाडीत बसवून रस्त्याला ० ते ५ गुण द्यायला लावले आणि ते गुण उंचसखलपणा, भेगा, चाकोऱ्यांशी जुळवले. १९८२ च्या ब्राझीलमधल्या प्रयोगातून खडबडीतपणाचा आंतरराष्ट्रीय निर्देशांक आला. दोन्हींचा भर प्रवास किती सुखाचा, यावर. आयआरसीच्या डांबरी रस्त्यांच्या देखभालीच्या संहितेत, म्हणजे 'आयआरसी ८२' मध्येही भेगा, खड्डे, खडी सुटणं असेच दोष पाहिले जातात.

पकडीची मोजणी वेगळ्याच वाटेने आली. अमेरिकेत १९४० च्या दशकात फरशी किती निसरडी आहे हे पाहायला लंबक बनवला होता. तो ब्रिटिश संशोधकांनी रस्त्यासाठी घडवला. पृष्ठभाग भिजवायचा, लंबकाच्या टोकाचं रबर साधारण १२६ मिलिमीटर घासेल असं जुळवायचं, पाच झोके घेऊन सरासरी काढायची. आकडा जितका मोठा तितकी पकड चांगली. ब्रिटिश शिफारशीत तो तीव्र वळणं व चौकांना किमान ६५, वर्दळीच्या मुख्य रस्त्यांना ५५, इतरत्र ४५. उन्हात रबर मऊ होऊन आकडा खाली येतो, म्हणून तो २० अंश सेल्सिअस तापमानाला किती आला असता, अशी दुरुस्ती करावीच लागते. मे महिन्यातल्या दुपारी ती विसरली तर चांगला रस्ताही नापास होईल.

लंबकाला फक्त कमी वेगातली पकड कळते. वेगात टायरखालचं पाणी बाहेर पडायला पृष्ठभागात खोलगटपणा हवा. त्यासाठी ५० मिलिलीटर बारीक वाळू गोल पसरतात. वर्तुळाचा व्यास २५० मिलिमीटर भरला तर सरासरी खोली सुमारे १ मिलिमीटर, ३०० भरला तर ०.७. वर्तुळ मोठं, तितका रस्ता गुळगुळीत.

काँक्रीटवर ही खोली आडव्या खाचांनी मिळवतात, आणि तिथेच आवाज वाढतो. खाचा समान २० मिलिमीटर अंतरावर असतील, तर ताशी ७२ किलोमीटरने जाणारं चाक सेकंदाला १,००० खाचा ओलांडतं; म्हणजे १,००० हर्ट्झची शिट्टी, कानाला चांगलीच टोचणारी. अंतर कमी-जास्त ठेवलं किंवा खाचा लांबीच्या दिशेने काढल्या की ती मोडते. गाडीने साधारण ४० किलोमीटरचा वेग ओलांडला की इंजिनापेक्षा टायरचाच आवाज मोठा, म्हणून हा प्रश्न द्रुतगती मार्गालगतच्या इमारतींचा आहे. २००० च्या नियमांनुसार निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे.

युरोपात नोव्हेंबर २०१२ पासून टायरवर इंधन, ओली पकड आणि आवाज यांचं लेबल आलं. रस्त्यालाही तसंच लेबल हवं, हा विचार तिथूनच पुढे आला. मात्र तिन्हींची सरासरी काढू नये. आवाजात मिळवलेले गुण निसरडेपणा झाकू शकत नाहीत. पर्यावरणाचे गुणही चौरस मीटरमागे, आयुष्याच्या वर्षांवर द्यायला हवेत: सिमेंटचा कार्बन सुरुवातीलाच खर्च होतो, तो फिटतो रस्ता टिकला तरच. केबलसाठी काँक्रीटचं पॅनल (रस्त्याचा एक तुकडा) कापलं की हे गणित बिघडतं. चर बुजवलेल्या पट्ट्याची पकड आणि खोली वेगळी मोजावी, चाकं जातात त्याच रेषेत, आणि आकड्यासोबत तारीख लिहावी.