मृदा व भूजल अन्वेषण (शहरातील मोकळ्या जागेचे)

शहराच्या हद्दीतील बांधकाम न झालेल्या जागेची माती व तिच्याखालचे भूजल यांत अपायकारक द्रव्ये आहेत काय, असल्यास ती कोठून आली, किती खोल गेली व कोणत्या दिशेने सरकत आहेत, हे ठरविण्यासाठी केलेली पद्धतशीर तपासणी. पायाची भारक्षमता पाहणारे भूतांत्रिक अन्वेषण याहून वेगळे. बोअर घेण्याचे यंत्र पुष्कळदा तेच असते, प्रश्न मात्र निराळे असतात.

उगम : या तपासणीचा आरंभ बहुधा अमेरिकेतील लव्ह कॅनॉल (न्यूयॉर्क राज्य) येथील घटनेपासून मानतात. तेथे अर्धवट सोडलेल्या कालव्यात हूकर केमिकल कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात सुमारे २१,००० टन रासायनिक कचरा पुरला. १९५३ मध्ये ही जागा एका डॉलरला शाळा मंडळाकडे गेली आणि १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर करून रहिवाशांना हलवावे लागले. १९८० च्या ‘सुपरफंड’ कायद्याने शुद्धीकरणाचा भार जमीनमालकावरही टाकला. १९८६ च्या दुरुस्तीनंतर खरेदीपूर्वी योग्य चौकशी केलेल्या मालकाला बचावाची वाट मिळाली. यूरोपात हेच स्थान नेदर्लंड्समधील लेकरकेर्क या गावाला देतात. तेथे रासायनिक पिंपांसह भरलेल्या चरांवर घरे उभी राहिली होती; प्रकरण १९८० च्या सुमारास उघड झाले.

कायद्याची चौकट अशा घटनांतून आली हे खरे, पण तंत्र त्याआधीचे आहे. वाळूतून झिरपणाऱ्या पाण्याचा नियम फ्रेंच अभियंते आंरी दार्सी यांनी १८५६ मध्येच मांडला होता आणि वेधन, थरनोंद व पातळीमापन भूतंत्रज्ञांकडे रुळलेले होते. म्हणून एका दुर्घटनेला उगम मानण्यापेक्षा जुन्या तंत्राला नवे दायित्व चिकटले असे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते.

पूर्वतपासणी : इमारत नसलेली जागा स्वच्छच असेल असे गृहीत धरता येत नाही. खड्डे, ओढे, दलदल बुजविताना शहरे राख, राडारोडा व कारखान्यांचा गाळ वापरत आली आहेत. राखेच्या भरावात शिसे व बहुवलयी हायड्रोकार्बने (अर्धवट ज्वलनातून होणारी कार्बनी संयुगे) वारंवार सापडतात. त्यामुळे जुने नकाशे, हवाई छायाचित्रे व मालकीचे दस्त आधी पाहतात. शेजारही पाहावा लागतो, कारण कपड्यांच्या कोरड्या धुलाईतील (ड्राय क्लीनिंग) क्लोरिनयुक्त विद्रावक किंवा पेट्रोलपंपाच्या टाकीतील गळती भूजलाबरोबर कुंपण ओलांडून येते. पेट्रोल पाण्यावर तरंगते. क्लोरिनयुक्त विद्रावक पाण्याहून जड असल्याने खालच्या अपार्य (पाणी आरपार जाऊ न देणाऱ्या) थरापर्यंत उतरतात. बोअरची खोली या फरकावर ठरते.

नमुने : मातीचे नमुने भराव, मूळ माती व भूजलपातळीजवळचा पट्टा यांतून वेगवेगळे घेतात. बाष्पशील द्रव्यांसाठी माती कालवत नाहीत, कारण तेवढ्यानेही ती उडून जातात. पाण्याची ४० मिलि.ची कुपी याच कारणाने बुडबुडा न राहील अशी काठोकाठ भरतात.

भूजलाच्या प्रवाहाची दिशा काढायला एका रेषेत नसलेल्या किमान तीन निरीक्षण विहिरी लागतात. विहीर म्हणजे बहुधा ५० मिमी. व्यासाची, खालच्या भागात चिरा असलेली पीव्हीसी नळी. चिरांभोवती गाळणवाळू आणि वर बेंटोनाइट या पाण्याने फुगणाऱ्या मातीची डाट असते.

नमुन्यापूर्वी नळीतील साचलेले पाणी किती उपसावे, हा जुना वाद आहे. प्रारंभीच्या प्रथेनुसार विहिरीतील पाण्याच्या तीन ते पाच पट उपसा करीत. असा उपसा करताना बादलीवजा नळी आपटत वरखाली केली की गाळ ढवळतो. गाळाच्या कणांना चिकटलेले शिसे व आर्सेनिक बाटलीतील परिरक्षक अम्लात विरघळते आणि अहवालात ते पाण्यातले म्हणून नोंदले जाते. ०·४५ मायक्रॉनच्या गाळणीने हा दोष कमी होतो. पण पाण्याबरोबर खरोखर वाहणारे सूक्ष्म कणही तिच्यात अडकतात. पल्स व बार्सेलोना या संशोधकांनी १९९६ मध्ये मांडलेली मंदप्रवाह पद्धत मिनिटाला साधारण १०० ते ५०० मिलि. एवढाच उपसा करते आणि पीएच, विद्युत्‌संवाहकता, गढूळपणा इ. स्थिरावल्यावरच नमुना घेते. धातूंच्या तपासणीत हीच पद्धत सरस ठरते. चिकणमातीत मात्र एवढ्या उपशानेही विहीर आटू शकते; तेथे ती पुन्हा भरेपर्यंत थांबण्यावाचून गत्यंतर नसते.

निष्कर्ष : मिळालेले आकडे मर्यादामूल्यांशी ताडून पाहतात. जागतिक आरोग्य संघटनेचे पेयजलासाठीचे मार्गदर्शक मूल्य बेंझीन व आर्सेनिक या दोहोंसाठी लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. बेंझीन सापडले तर स्रोत बहुधा मानवनिर्मित असतो. आर्सेनिक मात्र खडकांतूनही येते, म्हणून प्रवाहाच्या वरच्या अंगाला एक विहीर घेऊन परिसराची नैसर्गिक पातळी आधी ठरवतात. ही विहीर नसलेल्या अहवालातील आर्सेनिकविषयक निष्कर्ष जपूनच घ्यावेत.