जामिनाचा अहवाल वेगळा, परिवीक्षेचा वेगळा

"आरोपीला केल्या कृत्याचा पश्चात्ताप झालेला दिसत नाही." गेल्या महिन्यात माझ्या टेबलावर आलेल्या अहवालातलं हे वाक्य. अहवाल जामिनासाठीचा होता. दोषारोपसुद्धा निश्चित झालेले नाहीत, आणि अहवाल लिहिणाऱ्या आमच्या कार्यकर्त्या मुलीने त्याचा पश्चात्ताप मोजून ठेवला. कच्च्या कैद्यांसोबत काम करणाऱ्या समाजकार्यकर्त्यांचे अहवाल मी तपासते, आणि हे वाक्य शब्द बदलून दर दोन-तीन महिन्यांनी परत येतं. म्हणून असे अहवाल लिहिणाऱ्या सगळ्यांसाठी एकदा नीट लिहिते.

परिवीक्षेचा, म्हणजे प्रोबेशनचा, अहवाल तुम्हाला ठाऊकच आहे, एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या) फील्डवर्कपासून. अपराधी परिवीक्षा अधिनियम, 1958. गुन्हा सिद्ध होतो, शिक्षा द्यायची की बंधपत्रावर सोडायचं हे ठरवण्याआधी न्यायालय परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल बघतं. एकवीस वर्षांखालच्यांसाठी तर तो मागवावाच लागतो. यावर आणखी लिहीत नाही.

जामिनाचा अहवाल त्या मानाने नवा. जामीन मंजूर होऊनही केवळ जामीनदार मिळत नाही म्हणून माणसं आत राहतात, त्यावर सर्वोच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2023 रोजी निर्देश दिले. सात दिवसांत बंदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. सचिव परिवीक्षा अधिकारी किंवा विधी स्वयंसेवकाकडून बंद्याच्या सामाजिक-आर्थिक स्थितीचा अहवाल करून घेऊ शकतात, आणि तो न्यायालयापुढे ठेवून जामिनाची अट शिथिल करण्याची विनंती करता येते.

आता घोळ कुठे होतो? लिहिणारा हात तोच, गृहभेट तीच, आणि बहुतेक ठिकाणी जुनाच छापील नमुना पुढे ओढलेला. त्यात 1958 च्या कायद्याचं कलम 14 परिवीक्षा अधिकाऱ्याची कामं सांगताना 'गुन्ह्याचा आरोप असलेली व्यक्ती' असंच म्हणतं. त्यामुळे आपल्या लोकांना वाटतं, आरोपी काय नि दोषी काय, चौकशी एकच. पानं किती, मुदत किती, सही कुणाची, हे फरक किरकोळ आहेत, ते कारकून सांभाळतो. खरा फरक प्रश्नाचा आहे.

परिवीक्षेचा अहवाल विचारतो: गुन्हा याने केलाय, आता याचं काय करावं? तिथे स्वभाव, संगत, व्यसन, पश्चात्ताप, सुधारण्याची शक्यता, सगळं लागतं. जामिनाचा अहवाल विचारतो: घातलेली अट याला पेलते का, आणि ती सैल केली तर हा तारखेला येईल का? बस्स. जामीन न्यायालयाने आधीच मंजूर केलेला असतो. आरोप किती गंभीर, हे न्यायाधीशांनी पाहून झालेलं असतं. ते पुन्हा तोलायला आपल्याला कुणीच सांगितलेलं नाही. आणि जो गुन्हा त्याने केला हे अजून ठरायचंय, त्याचा पश्चात्ताप त्याने दाखवायचा तरी कसा? दाखवला तर कबुली होते, नाही दाखवला तर निर्ढावलेला ठरतो.

मी हे सांगितल्यावर ती म्हणाली, "पण ताई, त्याने माझ्यापाशी सगळं मोकळं केलं. मग लिहायचं नाही का?"

नाही. एक ओळसुद्धा नाही. 1958 च्या कायद्यातलं कलम 7 अहवाल गोपनीय ठेवतं, पण ते बोलतं कलम 4 आणि कलम 6 खालच्या अहवालांबद्दल. जामिनाच्या कामी दिलेल्या अहवालाचं त्यात नाव नाही. तो जामिनाच्या कागदांत लागतो, सरकारी वकील तो वाचतात. अमेरिकेच्या केंद्रीय न्यायालयांत जामिनाच्या कामी खटल्यापूर्वी चौकशी करणारे अधिकारी आहेत, त्यांना सांगितलेली माहिती गोपनीय असते, आणि आरोपी दोषी आहे का हे ठरवताना ती वापरता येत नाही, असं तिथल्या कायद्यातच लिहिलंय. आपल्याकडे ती भिंत नाही, म्हणून ती आपल्या पेनाने उभी करावी लागते. मुलाखतीला बसल्याबरोबर सांगायचं: "दादा, केसबद्दल मला काही सांगू नका. घराबद्दल सांगा."

शेजारी चौकशी करतानाही हेच. "तुमच्या शेजारचा चोरीत आत आहे, कसा आहे हो?" असं विचारून आलेल्याला मी परत पाठवते. चोरी सिद्ध झाली नाही, पण चाळीत ती आपणच सिद्ध करून आलो.

मग लिहायचं काय? बिहारच्या तुरुंगांतल्या कच्च्या कैद्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या 1979 च्या हुसैनारा खातून निकालात न्यायमूर्ती भगवती यांनी यादीच दिली आहे: किती वर्षं एका जागी राहतो, काम काय, नातीगोती काय, हमी घेणारं जबाबदार माणूस कोण, आधी जामिनावर असताना कसा वागला. त्याच निकालात 1961 मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालेल्या मॅनहॅटन बेल प्रोजेक्टचा दाखला आहे: मुळं घट्ट असतील तर पैसे न भरताही माणूस तारखेला येतो. ही यादी आमच्या भिंतीवर लावलेली आहे.

यादी वाचायलाही आपली माती ठाऊक हवी. मागच्या हंगामात बीडकडच्या एका ऊसतोड कामगाराबद्दल लिहून आलं, 'वर्षातले सहा महिने गावाबाहेर, सबब फरार होण्याची शक्यता.' अरे, टोळी कुठल्या कारखान्यावर जाते, कोप्या (राहायच्या झोपड्या) कुठे पडतात, हे गावातल्या म्हातारीलाही माहीत असतं. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, फिटेपर्यंत तो माणूस हलूच शकत नाही. सहज सापडेल असाच तो. अहवालात संपर्कासाठी मुकादमाचा नंबर होता, तो मात्र मी बदलायला लावला. मुकादमाने उचल दिलीय, तारखेला सोडायचं की नाही हे तोच ठरवणार. गावात नातवंडं सांभाळणाऱ्या आजीचा नंबर घ्या, ती आठवण करून देते.

सुटल्यानंतर 'देखरेख' या एका शब्दाने पुन्हा तोच गोंधळ होतो. परिवीक्षेत देखरेखीचा आदेश किमान वर्षभराचा असतो, अधिकारी काम शोधून द्यायला धडपडतो, घरात डोकावतो. जामिनावरचा माणूस आपल्या सुधारणेखाली नाही. तारखेच्या दोन दिवस आधी फोन, कोर्टाचा हॉल नंबर, वकिलाचं नाव, एवढंच आपलं काम. तो दारू पितो का हे विचारू नका. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन मागणं आजच बंद करा. पोलिसांना सतत हालचाल दिसेल अशी गूगल मॅपची पिन जामिनाची अट म्हणून घालता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये फ्रँक व्हायटस प्रकरणात सांगितलं. न्यायालयाला जे घालता येत नाही ते आपण सवयीने कसं मागतो?

माझ्यासारख्या तपासणाऱ्यांना एक सांगणं आहे. महिन्याच्या गृहभेटी मोजून कार्यकर्त्यांना शाबासकी देऊ नका. अहवालातलं प्रत्येक वाक्य घ्या आणि विचारा, यावरून तो तारखेला येईल की नाही हे कळतं का? कळत नसेल तर ते वाक्य काढा.

पश्चात्तापाच्या त्या अहवालात शेवटी एवढंच उरलं: आई धुणीभांडी करते, खोली भाड्याची पण नऊ वर्षं तीच, मागितलेला पंचवीस हजारांचा जामीनदार नात्यात कुणीच नाही. आणि जुन्या एका केसचा रोजनामा, म्हणजे कोर्टाची तारीखवार नोंद. त्यात अकरा तारखा आहेत, अकराही वेळा तो हजर. आमच्या मुलीने ती केस 'गुन्हेगारी पार्श्वभूमी' या मथळ्याखाली टाकली होती. आम्ही ती तिथून उचलून पहिल्या पानावर घेतली.