गीतकारांची मंडळं: फड, चहाची बैठक आणि गायन पार्टी

पुण्या-मुंबईत, नाशिक-अमरावतीत, आता तर बऱ्याच तालुक्याच्या गावांतही गीतं आणि गझला लिहिणाऱ्यांची छोटी मंडळं आहेत. महिन्या-दोन महिन्यांनी कुणाच्या घरी नाहीतर वाचनालयाच्या खोलीत जमायचं, नवं लिहिलेलं म्हणून दाखवायचं आणि बाकीच्यांनी ओळ कुठे अडखळते ते तोंडावर सांगायचं. हा प्रकार कॅफेतल्या ‘ओपन माइक’बरोबर आला, असा एक समज आहे. तो खरा नाही. मराठीत गाणं लिहिणारा माणूस क्वचितच एकटा होता. कोणत्या मंडळात तो बसतो-उठतो, यावर त्याच्या गाण्याचा घाट ठरत आला आहे.

सुरुवात शाहिरांच्या फडापासून, म्हणजे गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या संचापासून, करावी लागते. पेशवाईच्या उत्तरार्धात लावण्या-पोवाडे रचणारे अनंत फंदी संगमनेरचे, राम जोशी सोलापूरचे, परशराम, सगनभाऊ, प्रभाकर, होनाजी ही सगळी नावं आज आपण पाठ्यपुस्तकातल्या कवींसारखी वाचतो. पण त्यांची रचना फडासाठी होती. फडात कवनं करणारा वेगळा आणि गाणारा वेगळा असू शकायचा. होनाजी-बाळा ही जोडी त्याचंच उदाहरण: रचना होनाजी शिलारखान्याची, गळा बाळा करंजकराचा. सोबत ढोलकी, तुणतुणं आणि मागे झील धरणारे, म्हणजे सुरात साथ देणारे. झीलकऱ्यांना उचलता येईल असं ध्रुपद, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी ओळ, हवं, म्हणून लावणीचं ध्रुपद आटोपशीर आणि ठसठशीत. चौकात, म्हणजे कडव्यात, मात्र कवीला मोकळीक. या रचनेकडे नुसतं कागदावर पाहिलं, तर ध्रुपद इतक्या वेळा का येतं ते कळत नाही.

फडाला जोडून स्पर्धा आलीच. शाहिरांचे दोन पक्ष: कलगीवाले शक्तीची बाजू घेणार, तुरेवाले शिवाची, आणि रात्र-रात्र सवाल-जवाब चालणार. समोरच्याने पुराणातलं कोडं घातलं, की त्याच चालीत उत्तर द्यायचं. उत्तर चुकलं तर हसं ठरलेलं. त्यामुळे शाहिराला पाठांतर लागे, पुराणांची माहिती लागे आणि मुख्य म्हणजे गुरू लागे. ही रीत कोकणात अजून जिवंत आहे. रत्नागिरी-रायगडकडचं जाखडी नृत्य म्हणजे शक्ती-तुऱ्याचाच सामना. चाकरमान्यांबरोबर तो मुंबईच्या नाट्यगृहांत पोचला आणि तिथे तिकीट काढून बघितला जातो. दरवर्षी नवी गाणी बांधणारे शाहीर, त्यांचे गुरू, गुरूंचे गुरू, अशी परंपरा तिथे अभिमानाने सांगितली जाते. साहित्याच्या इतिहासात या लिहिणाऱ्यांना जवळजवळ जागा नाही. माझ्या मते हा त्या इतिहासाचा दोष आहे.

फडातली आणखी एक सोय पुढे कामी आली. शेवटच्या चौकात कवी आपलं किंवा गुरूचं नाव गुंफतो. गाणं कुणीही, कुठेही म्हटलं, तरी कर्त्याचं नाव त्याच्या पोटात राहतं. लेखी नोंद नव्हती, हक्काचा कायदा नव्हता. त्या काळात ही मुद्रिकाच कवीचा सातबारा होती.

विसाव्या शतकात चित्र बदललं. शिकलेल्या मध्यमवर्गाची कविता छापील मासिकांत आली आणि फडापासून लांब गेली. मग १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ उभं राहिलं. त्याआधी रविवारी चहाला जमणाऱ्या या मित्रांचा ‘सन-टी क्लब’ होता. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे, वि. द. घाटे, नाट्यछटाकार दिवाकर, ग. त्र्यं. माडखोलकर ही त्यातली ठळक नावं. ‘किरण’ हा मंडळाचा पहिला संग्रह त्याच वर्षी निघाला. पुढे कधी दोघांनी मिळून, कधी सगळ्यांनी मिळून पुस्तकं काढली. प्रकाशकाच्या दारात उभं राहण्यापेक्षा आपणच आपलं छापू, हा त्यामागचा हिशेब. बहुतेक सगळे शिक्षकी पेशातले, म्हणजे पैशांची उधळण शक्य नव्हती.

या मंडळाची कविता आज किती वाचली जाते, हा प्रश्न अवघड आहे. यशवंतांची आईवरची कविता आणि माधव जूलियन यांची ‘प्रेमस्वरूप आई’ सोडली, तर सामान्य वाचकाला फारसं आठवणार नाही. ‘प्रेमस्वरूप आई’ही लक्षात राहिली, त्यात वसंत प्रभूंच्या चालीचा आणि लता मंगेशकरांच्या आवाजाचा वाटा मोठा. पण मंडळाने एक गोष्ट अशी केली, जिचा परिणाम कवितेपेक्षा जास्त टिकला: कविता लोकांसमोर गाऊन दाखवायला सुरुवात केली. यशवंत आणि गिरीश यांचं काव्यगायन ऐकायला गर्दी व्हायची. ठिकठिकाणी कार्यक्रम व्हायचे. छापील कवितेला पुन्हा श्रोता मिळाला, आणि श्रोता म्हटला की त्याच्या मागण्याही आल्या. ओळ एका दमात म्हणता आली पाहिजे, कडव्याच्या शेवटी थांबायला जागा हवी, आणि पहिल्या ऐकण्यात अर्थ पोचायला हवा.

इथे माधव जूलियन यांच्याबद्दल जरा थांबून बोलायला हवं. हा माणूस फारसीचा प्राध्यापक. ‘विरहतरंग’सारखं खंडकाव्य लिहिणारा, आणि त्याच वेळी वृत्तांचा काटेकोर हिशेब ठेवणारा. त्यांचा ‘छंदोरचना’ हा ग्रंथ १९२७ साली आला आणि दहा वर्षांनी बराच वाढवून पुन्हा निघाला. अक्षरांच्या लघु-गुरू क्रमावर चालणारी वृत्तं, मात्रांच्या गणितावर चालणाऱ्या जाती आणि अक्षरसंख्येवर चालणारे ओवी-अभंगासारखे छंद, असे तीन मार्ग त्यांनी वेगळे करून दाखवले. गीत लिहिणाऱ्याला यातला मधला मार्ग सगळ्यांत उपयोगी. आठ मात्रांचं आवर्तन असेल, तर संगीतकाराला केरव्यात ठेका धरायला काही कष्ट पडत नाहीत. शार्दूलविक्रीडित हे अक्षरवृत्त भारदस्त वाटतं खरं, पण त्याला ताल लावायला बसा, म्हणजे कळेल. आज एखाद्या बैठकीत ‘दोन मात्रा कमी पडतात’ असं कुणी म्हणतो, तेव्हा तो नकळत याच ग्रंथाची भाषा बोलत असतो.

मंडळाची टिंगलही भरपूर झाली. ‘केशवकुमार’ या नावाने अत्र्यांनी लिहिलेली ‘झेंडूची फुले’ १९२५ साली आली. त्यातली विडंबनं इतकी नेमकी, की मूळ कविता विसरलेल्यांनाही ती पाठ असत. काव्यगायनाने कविता उथळ झाली, गळ्यावर टाळ्या मिळू लागल्या, असा आक्षेपही होता, आणि तो निराधार नव्हता. हळूहळू सदस्य नोकऱ्यांसाठी गावोगाव पांगले. माधव जूलियन कोल्हापूरला राजाराम महाविद्यालयात गेले, गिरीश सांगलीला. १९३९ साली माधव जूलियन गेले. तोवर रविवारच्या बैठकीतली जान संपली होती.

पण त्यांनी तयार केलेला श्रोता कुठे जाणार? तो ग्रामोफोनकडे वळला. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला गोविंद नारायण जोशी, म्हणजे जी. एन. जोशी यांनी मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांचं ‘रानारानांत गेली बाई शीळ’ गायलं. मराठी भावगीताची वाट तिथून रुळली असं सर्वसाधारणपणे मानतात. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. दहा कडव्यांची कविता त्यात मावणं अशक्य, म्हणून तीन कडव्यांचं गीत ही चौकट घट्ट झाली. मराठी भावगीत आटोपशीर का, याचं अर्धं उत्तर काव्यशास्त्रात नसून त्या लाखेच्या तबकडीत आहे. पुढे आकाशवाणीने गीतकाराला कामही दिलं आणि मुदतही. पुणे केंद्रावर १ एप्रिल १९५५ पासून ‘गीतरामायण’ सुरू झालं, तेव्हा ग. दि. माडगूळकरांना आठवड्याला एक गीत द्यावं लागे. अशी ५६ गीतं झाली, आणि सुधीर फडक्यांच्या चालींसकट आज पाठ असणारी माणसं घराघरांत आहेत.

पुण्यात चहा चालू होता तेव्हा बाकी महाराष्ट्र गप्प होता असं मुळीच नाही. सत्यशोधक जलशांची, म्हणजे समाजसुधारणेचा विचार गाण्यांतून मांडणाऱ्या कार्यक्रमांची, परंपरा आधीपासून होतीच. तिच्या पाठोपाठ आंबेडकरी जलसे आले, आणि नाशिककडचे भीमराव कर्डक त्यातले आघाडीचे. १९४४ साली मुंबईत अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. इथे गाणं चळवळीचं काम करत होतं. सभेपूर्वी गर्दी जमवणं, जमलेल्यांना मुद्दा समजावणं आणि घरी जाताना गुणगुणायला दोन ओळी देणं, हे सगळं त्याला साधायचं होतं.

वामनदादा कर्डक याच मुशीतले. जन्म १९२२ चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. मुंबईत कष्टाची कामं करताना, मोठेपणी अक्षरओळख झाली. १९४३ साली पहिलं गाणं रचलं, तेही एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवरचं विडंबन. त्यानंतर पुढची सहा दशकं ते लिहीत आणि गात राहिले. गावोगावच्या गायन पार्ट्यांनी त्यांची गाणी उचलली, कव्वालीच्या ढंगात रंगवली, आणि पार्टीतल्याच कुणाला तरी स्वतः लिहावंसं वाटू लागलं. आधी वामनदादांचं म्हणायचं, मग त्याच चालीत आपलं बांधायचं, मग वस्तीसमोर उभं राहायचं. शिकण्याचा हा मार्ग फडातल्या मार्गापेक्षा वेगळा नव्हता. चाल उसनी घेण्याकडे पांढरपेशे नाकं मुरडतात. पण ओळखीची चाल असली की श्रोत्याचं सगळं लक्ष शब्दांकडे जातं, हे या गीतकारांना पक्कं ठाऊक होतं. मुद्रिकाही इथे पुन्हा दिसते. शेवटच्या कडव्यात ‘वामन’ आला की गाणं कुणाचं, ते विचारावं लागत नाही.

साठच्या दशकात विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर हे त्रिकूट काव्यवाचन करत फिरलं. गाण्याऐवजी बोलण्याची लय आली. गोव्याकडे बा. भ. बोरकर मात्र स्वतःच्या कविता गाऊनच ऐकवत राहिले. या दोन्ही पद्धतींचे अनुयायी आजच्या बैठकांत शेजारी-शेजारी बसतात आणि एकमेकांवर थोडे चिडतात.

सध्याच्या मंडळांची सगळ्यांत थेट नाळ जोडलेली आहे ती सुरेश भटांशी. माधव जूलियन यांनी ‘गज्जलांजलि’मधून १९३३ साली गझल मराठीत आणली खरी. पण त्यांच्या गझला बहुधा एकाच भावाची सलग कविता असत. भटांनी प्रत्येक शेर, म्हणजे दोन ओळींचा घटक, स्वतंत्र उभा राहिला पाहिजे, रदीफ-काफिया (शेवटी येणारा तोच शब्द आणि त्याआधीचं यमक) निभावलाच पाहिजे, असा आग्रह धरला. त्यासाठी त्यांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली आणि नव्याने लिहू पाहणाऱ्यांपर्यंत ती पोचवली. विदर्भातल्या एखाद्या लहान गावातल्या शिक्षकाला बैठक नसली तरी उस्ताद मिळाला. भट २००३ साली गेले. नंतर भीमराव पांचाळे यांच्या गझल सागर प्रतिष्ठानाने संमेलनं आणि कार्यशाळा चालू ठेवल्या. आज जिल्ह्याजिल्ह्यांत गझलेच्या दुरुस्तीसाठी जे फोनवरचे गट आहेत, त्यांतल्या बऱ्याच जणांची पहिली ओळख अशाच कार्यशाळेत झालेली असते.

राहिला पैशांचा आणि नावाचा प्रश्न. गीतकार-संगीतकारांसाठी रॉयल्टी गोळा करणारी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी १९६९ पासून आहे. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटासाठी लिहिणाऱ्या गीतकारालाही रॉयल्टीतला आपला हिस्सा कायमचा सोडून देता येणार नाही, अशी तरतूद कॉपीराइट कायद्यात आली. तालुक्याच्या मंडळातला गीतकार बहुधा या सोसायटीचा सदस्य नसतो. त्याचं गाणं लग्नाच्या मिरवणुकीत, जयंतीला, गणपतीत वाजतं, आणि यूट्यूबवर गायकाचं, संगीतकाराचं, ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओचं नाव असतं. त्याचं नसतं. म्हणून काही जुनेजाणते नव्यांना अजून सांगतात, की शेवटच्या कडव्यात स्वतःला बसव.